आक्कांना उचलण्याचं सामान

देवळाली प्रवरा,
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. वैजनाथ यास,

लंकाकाकूचे अनेक आशीर्वाद. (मी तुझ्यावर रागावले आहे, पण आशीर्वादात हात आखडता घ्यायची आपल्या घराची रीत नाही. तेव्हा पूर्ण धर, कापून धरू नकोस.) इकडे सर्व खुशाल. तुझं पित्त कसं आहे? जेवल्या जेवल्या तो लॅपटॉप पोटावर घेऊन आडवा होतोस ते बंद कर, अर्धं पित्त तिथेच उतरेल. आमच्या सूनबाईची, अश्विनीची, पाठ आता दुखत नाही ना? तिला माझे आशीर्वाद वेगळे सांग, तुझ्यातले देऊ नकोस. ह्या सगळ्या प्रकरणात तीच एकटी माणसासारखी वागली, ते पुढे येईल.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस म्हणून. मी "अरे पण" म्हणेपर्यंत तुझा निकाल जाहीर झालेला असतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही; फाडता येतं, पण मग आत काय होतं ह्याचा विचार करत तू महिनाभर पित्त वाढवशील. शिवाय अंगणवाडीत जन्मभर मी लोकांच्या पोरांची नावं लिहिली, माझं अक्षर अजून चांगलं आहे, आणि मला भांडण लिहून करायला आवडतं.

तर पहिली गोष्ट. मंगळवारी तुला गेलेला फोन चुकीचा होता, हे सुप्यापर्यंत गाडी आल्यावर तुला समजलंच. तुझी आई ठणठणीत आहे. मी हे लिहिते आहे तेव्हा आक्का माझ्यासमोर बसून शेंगा फोडताहेत आणि निम्म्या दाण्यांचा तिथल्या तिथे निकाल लावताहेत. असं असताना तू सुप्याहून गाडी वळवलीस आणि वरून फर्मान काढलंस की हा तमाशा बस झाला, दिवाळीला घराला कुलूप. आई पुण्याला तुझ्याकडे, काकू नाशिकला पंकजाकडे. वैजनाथ, हे मला मान्य नाही. पंकजा माझी पोटची पोर आहे, ती मला फुलासारखं ठेवील, मला फुलासारखं राहायचं नाही. तुझे वडील गेले, तुझे काका गेले, त्यानंतर ह्या घरात आम्ही दोघी जावाच उरलो. मी ह्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून सकाळचा पहिला चहा आक्कांची बोलणी खात पिते आहे, आता बिनबोलण्याचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. आम्हाला वेगळं करायचं नाही. ह्यावर मी कुणाचं ऐकणार नाही, तुझं तर नाहीच.

आता मुळापासून सांगते, कारण तुला जे समजलं आहे ते पंकजाच्या तोंडून समजलं आहे, आणि तिला प्रत्येक गोष्टीला फोडणी घालायची सवय आहे (माझ्याकडूनच गेली असेल). आषाढात आक्का मोरीत घसरल्या. हाड शाबूत, खरचटलंसुद्धा नाही, नुसत्या बसल्या. पण उठता येईना. मी पदर खोचला, त्यांच्या काखेत हात घातले, मारुतीचं नाव घेतलं आणि जोर लावला, तर आक्का जागच्या हलल्या नाहीत, मीच त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग मी उठून चहा करून आणला, आम्ही दोघींनी मोरीतच घेतला, आणि शेजारचा पुंजाराम दूध घालायला आला तेव्हा त्याने आक्कांना उभं केलं. एवढंच झालं होतं. त्यावर तुम्ही सगळे धावत आलात, ओटीवर सभा भरली, आणि तू विचारलंस, "परत पडली तर आईला उचलणार कोण?" मी म्हणाले, मी उचलीन. तू हसलास. पंकजा हसली. आक्कासुद्धा हसल्या, आणि खरं सांगू, त्यांच्या हसण्याचा राग मला अजून आहे.

अश्विनी हसली नाही. ती भांडी आवरता आवरता मला म्हणाली, की काकू, ताकद साठीनंतरसुद्धा वाढते, त्याला जिममध्ये जायला लागत नाही, घरच्या घरी होतं, फक्त सामान नीट निवडायला हवं. हे "सामान निवडायला हवं" तिने असं सहज सांगितलं, जणू काही मी चार वांगी निवडणार आहे. तुला कल्पना नाही, वैजनाथ, ताकदीच्या सामानाचा बाजार केवढा आहे. आणि त्यातलं एकही सामान माणूस उचलता यावा म्हणून केलेलं नाही, सगळं स्वतःच्या आरशासाठी केलेलं आहे.

पहिल्यांदा मी लांब न जाता आपल्या मारुतीमागच्या तालमीत गेले. तिथे मुद्गलाच्या जोड्या आहेत, दगडी गोळे आहेत, मला वाटलं जुनं सामान, जवळचं सामान, एखादी जोडी आठवडाभर मागून आणावी. वस्ताद आबासाहेब दारातच आडवे आले. "लंकाबाई, बायांनी तालमीत यायचं न्हाई," म्हणाले. मी म्हटलं, मी येत नाही, जोडी बाहेर येऊ द्या. तर म्हणाले, "ती तुमच्या हाताला न्हाई बसायची." आता हा माणूस आक्कांच्या हाताखाली वाढला, त्यांच्या भाकरीवर अंगाने भरला, आणि माझा हात बघून मला सांगतो! मी दारातून त्यांना चार गोष्टी ऐकवल्या (त्या इथे लिहीत नाही, पोस्टातून जायच्या आहेत) आणि परत आले.

मग एक दिवस एसटीने नगरला गेले. (आता अहिल्यानगर म्हणायचं आहे, मी म्हणतेही, पण कंडक्टरला घाईत नगरच सांगितलं.) सावेडीत एक मोठं दुकान आहे, काचेचं, आत गारेगार. तिथल्या पोरसवद्या विक्रेत्याने मला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नातवासाठी काय बघू म्हणाला. मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याने पाण्याचा ग्लास परत भरला. पण माल दाखवला बरं का, नाही म्हणायला जागा नाही. एक यंत्र होतं, त्यात बसून समोरचा दांडा ओढायचा की आपल्या पाठीमागे लोखंडी विटा वर जातात. मी म्हटलं, बाबा, मला जे उचलायचं आहे ते माझ्या समोर असेल आणि ओरडत असेल, पाठीमागचं उचलून मी काय करू? शिवाय ते यंत्र माजघरात ठेवलं तर आम्हा दोघींना ओटीवर झोपावं लागलं असतं. मग दाराच्या चौकटीत बसवायचा दांडा दाखवला, लोंबकळायचा. आपल्या चौकटीला तोरण लोंबकळतं, तेवढं पुरे. मग एक फुगवलेला भला मोठा चेंडू. त्यावर बसून तोल सांभाळायचा म्हणे. आक्कांनी तो नुसता बघितला तरी त्या पडतील. डंबेल मात्र मला बरे वाटले. त्यात एक प्रकार असा आहे की चकती फिरवली की वजन कमीजास्त होतं. मी हाताळला, फिरवला, आणि ठेवून दिला. मनात म्हटलं, ज्या दिवशी आक्का पडतील त्या दिवशी मला चकती फिरवायची सोय नसणार. तेव्हा सवय एकाच वजनाची करावी, आणि ती जड वजनाची करावी. त्या मुलाने सरतेशेवटी विचारलं की मावशी, नेमकं काय उचलायचंय? मी म्हटलं, जाऊ. त्याला वाटलं मी जायला निघाले. तो दार उघडायला धावला. मीही मग तशीच निघाले.

शेवटी अश्विनीनेच मोबाईलवर मागवून दिलं. (तिला बोलायचं नाही. बोललास तर मी आक्कांना तुझ्याविरुद्ध उभं करीन.) एक केटलबेल आणि रबरी पट्ट्यांचा एक संच. केटलबेल म्हणजे तुला माहीत असेल, लोखंडाचा गोल गोळा आणि वर धरायला जाड कडी. व्हिडिओत बघून मला तोच पसंत पडला, कारण तो जमिनीवर बसलेला असतो आणि त्याला खालून वर आणायचा असतो. म्हणजे आक्कांसारखाच. पट्टे हातपाय मोकळे करायला. निवड चांगली होती, मी अजून सांगते चांगली होती. चूक वाराची झाली.

सामान आलं शनिवारी. कुरियरवाला दारात उभा, खोकं त्याच्या पायाशी, आणि आक्का उंबऱ्यावर दोन्ही हात पसरून. "शनवारचं लोखंड उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई." मी समजावलं की हे विकत कधीच घेतलं होतं, आज फक्त पोचलं आहे. म्हणाल्या, शनीला पावती दाखवणार का? पट्टे रबराचे, ते त्यांनी आत घेतले, गोळा बाहेर. कुरियरवाल्याला पुढे जायचं होतं, तो खोकं तिथेच टाकून गेला. पुंजाराम आला, म्हणाला मी रात्रीपुरतं ठेवून घेतो, पण त्याच्या घरातूनही तोच आवाज आला. गल्लीतल्या एकाही घराने शनिवारचं लोखंड घेतलं नाही, आणि रस्त्यावर ठेवावं तर भंगारवाला नेईल. तेव्हा पुंजारामने युक्ती काढली की मारुतीच्या सभामंडपात ठेवू, देवाच्या दारी सगळे वार सारखे, उद्या सकाळी घेऊन येऊ. खोकं वाटेत फाटलं, म्हणून त्याने गोळा मोकळाच नेला आणि खांबाच्या बुंध्याशी ठेवला. मी म्हटलं, छान झालं, आणि स्वयंपाकाला लागले.

आता शनिवार, मारुती, आणि मंडपात काळाभोर गोल गोळा. काय होणार हे अंगणवाडीतल्या पोरालाही सांगता आलं असतं, मला आलं नाही. संध्याकाळी मी दर्शनाला गेले तेव्हा गोळ्यावर तेल होतं, शेंदूर होता, रुईच्या पानांची माळ कडीत अडकवलेली होती आणि समोर नारळाची शकलं पडली होती. पहिला शेंदूर कुणी लावला ते आजतागायत कुणी कबूल करत नाही; प्रत्येकजण म्हणतो, मी आलो तेव्हा लावलेला होता. दुसऱ्या दिवशी मी आणि पुंजाराम पिशवी घेऊन गेलो, तर आबासाहेब वस्ताद तिथेही आडवे. "एकदा शेंदूर चडला की मग त्ये घरी न्हेता येत न्हाई," म्हणाले. मी म्हटलं, आबासाहेब, हे व्यायामाचं सामान आहे. ते म्हणाले, मारुती तरी कशाचा देव हाय? मी रिकामी पिशवी घेऊन परत फिरले. घरी आल्यावर ह्यावर तीन उत्तरं सुचली.

पण मी हार मानली असं समजू नकोस. नेता येत नाही ना, मग तिथे जाऊन उचलीन. रोज पहाटे काकडा झाला की मी मंडपात जायची, पदर खोचायची, गुडघे वाकवायचे (कंबर वाकवायची नाही, हे व्हिडिओतली मुलगी शंभरदा सांगते), पाठ ताठ ठेवायची आणि कडी धरून गोळा उचलायचा. तेलामुळे हात घसरायचा, म्हणून कडीला फडकं गुंडाळायची. पहिल्यांदा वीतभर उचलला, मग गुडघ्यापर्यंत. आणि तिथेच घात झाला. येणाऱ्याजाणाऱ्या बायका बघायच्या. एकीने विचारलं, नवस आहे का? मी श्वास रोखलेला होता, नुसती मान हलवली. ती कशी हलवली कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिने उचलला, आणि आठवड्यात तिच्या अडलेल्या लेकीचं लग्न जमलं. झालं! आता मंडपात रांग लागते. उचलला तर काम होणार, नाही उचलला तर पुढच्या शनिवारी तेल वाहून पुन्हा यायचं. देवळालीच्या बाहेरून माणसं येतात. तालमीतले पोरगे फुशारकीला एका हाताने उचलून दाखवतात. आणि वस्तादांनी मला सांगितलं की रांगेत या, देवाच्या दारी सगळे सारखे. माझ्याच गोळ्यासाठी मला रांगेत उभं केलं, वैजनाथ. मी उभी राहिले नाही. मी घरी आले.

घरी आल्यावर मी शांतपणे विचार केला. मला उचलायच्या आहेत आक्का. आक्कांना कडी नाही. त्या मऊ आहेत, त्यांना धरायला फक्त लुगडं आहे, आणि लुगडं धरलं की ते हातात येतं आणि आक्का खाली राहतात, हे आषाढात बघितलं होतंच. मग दुकानातलं लोखंड कितीही उचललं तरी वेळेला काय कामाचं? मी आक्कांना म्हटलं, तुम्हीच रोज खाली बसा, मी तुम्हालाच उचलून सराव करते. "म्या काय पोतं हाय का?" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पण शब्द चांगला दिला. मी गव्हाचं पोतं काढलं, मधोमध रबरी पट्टा आवळून कंबर केली, वरती दुसरा पट्टा आवळून मान केली, आणि आक्कांचं जुनं जांभळं लुगडं त्याला नीट नेसवलं, म्हणजे पकड खरी मिळेल. (पट्ट्यांचा ह्याहून चांगला उपयोग मला तरी सापडला नाही. आधी एक खांबाला बांधून ओढून बघितला होता, तो सुटून देवघरातल्या समईला लागला.) आक्का म्हणाल्या, जित्या माणसाचं असलं करू नये. मी म्हटलं, जित्या माणसासाठीच चाललंय. मग त्या खुर्चीवर बसून मोजायला लागल्या. मोजण्यात त्या फार लबाड आहेत, पाचानंतर परत तीन येतात.

मंगळवारी सकाळी त्या केस धुवायला मागच्या अंगणात गेल्या होत्या. मी एकटीच होते. पोतं माजघरात आडवं घातलेलं, अंगावर जांभळं लुगडं, आणि मी उशाशी गुडघे टेकून बसलेली. घामाने डोळे चुरचुरत होते, नाक वाहत होतं, धाप लागली होती, आणि मी पोत्याच्या खांद्याखाली हात घालून म्हणत होते, "उठा आक्का, उठा. एकदा उठा." (हे मी मुद्दाम म्हणायची. नाव घेतलं की जोर येतो.) नेमका तेव्हा पुंजाराम दूध घेऊन दारात आला. तो "काकू" एवढंच म्हणाला, किटली त्याच्या हातातून पडली आणि तो बोंबलत पळाला. मी त्याच्यामागे धावले, पण मला धाप लागलेली, शब्द फुटेना, आणि शब्द फुटत नाही हे बघून लोकांची खात्रीच पटली. पाच मिनिटांत ओटी भरली. बायांनी गळे काढले. तुला फोन कुणी केला ते मला माहीत नाही, पण चांगल्या मनाने केला असणार. आणि ह्या सगळ्या गर्दीत मागच्या दाराने आक्का आल्या, केसांना पंचा गुंडाळलेला. समोर बाया रडताहेत हे बघून त्या तिथेच खाली बसल्या आणि डोळ्याला पदर लावून सगळ्यांच्या बरोबरीने रडायला लागल्या. चांगलं रडून झाल्यावर शेजारणीला विचारलं, "कोन गेलं गं?" शेजारीण म्हणाली, तुम्हीच. आणि मग तिने मान वळवून बघितलं. तिला शुद्धीवर आणायला कांदा हुंगवावा लागला.

हे झालं त्यात माझा काय दोष, ते मला सांग. पोत्याला लुगडं नेसवू नये असा कुठे कायदा आहे? तुला त्रास झाला, तू अर्ध्या वाटेपर्यंत रडत आलास असं अश्विनी म्हणाली, त्याचं मला फार वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण त्या रागाच्या भरात तू घराला कुलूप घालणार असशील तर ते मी चालू देणार नाही. आणि आता मी तुला असं काही सांगते की तुझं तोंडच बंद होईल.

गुरुवारी सकाळी मोरीत पुन्हा तेच झालं. आक्का घसरल्या. तशाच बसल्या, तशाच उठता येईनात. आणि मी त्यांना उचललं. एकटीने. पुंजारामला हाक नाही, शेजारणीला हाक नाही. पाठीमागे गेले, काखेतून हात घातले, त्यांचे हात छातीशी धरले, गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, आणि एका दमात उभं केलं. भिंतीला टेकवलं, खुर्ची आणली, बसवलं. चहा ह्या वेळी माजघरात घेतला. तू ओटीवर चार माणसांसमोर जो प्रश्न विचारला होतास त्याचं हे उत्तर आहे. आता तुझ्याकडे दुसरा प्रश्न असेल तर तो लेखी पाठव.

तेव्हा दिवाळीला कुलूप आणू नकोस. यायचं तर फराळाला या. अश्विनीला सांग, केटलबेल वाया गेला असं तिने मनाला लावून घेऊ नये, गावाच्या उपयोगी पडला आहे. वरचे आशीर्वाद मी आता पक्के करते आहे.

तुझ्यावर रागावलेली,
लंकाकाकू

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आक्कांनी वाचून दाखवायला लावलं. मंगळवारच्या भागाला शेंगा खात हसल्या. गुरुवारचा मोरीचा भाग आला तेव्हा हसू थांबलं, आणि म्हणाल्या, "लंके, खोटं धाडू नगं. पोरगं हाय माझं." म्हणून लिहिते. गुरुवारी घडलं ते सगळं वर लिहिलंय तसंच घडलं, फक्त घसरले ती मी, आणि उचललं ते आक्कांनी. मी मोरीत बसले होते, पाय मुरगळला होता आणि पुंजारामला हाक मारायला लाज वाटत होती. आक्का आल्या, मला जरा बोलल्या, पाठीमागे गेल्या, गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली आणि मला उभं केलं. एकाहत्तराव्या वर्षी. मी विचारलं, आक्का, ही ताकद आली कुठून? तर म्हणाल्या, तू व्यायाम झाला की आंघोळीला जातेस आणि ते पोतं मधोमध तसंच लोळत असतं, घर विस्कटलेलं मला बघवत नाही, रोज उचलून मीच कोपऱ्याला लावते. पहिले काही दिवस ओढत नेलं, मग उचलता यायला लागलं. मी ते पोतं अजून गुडघ्याच्या वर नेलेलं नाही. हे त्या खुर्चीवर बसून रोज बघत होत्या आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत.

ता. क. आणखी एक. माझा घोटा सुजला आहे, पाय आठवडाभर टेकवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि घरातलं सगळं आक्का करताहेत. हे पंकजाला माहीत नाही. तिला कळलं तर ती उद्या गाडी घेऊन दारात उभी राहील, आणि तुझ्यासारखी सुप्याहून परत फिरणारी ती नाही. तेव्हा वर तुझ्याशी इतकं भांडले असले तरी आता मला तूच हवा आहेस. तिला तू सांग. भाऊ म्हणून सांग, मोठा आहेस, तुझं ती ऐकेल. मला हे घर सोडायचं नाही रे, आणि आक्कांना तर मुळीच नाही. आक्कांचाही तिला निरोप आहे, त्या सांगतील तसाच लिहिते: "तुझ्या आईला न्हेऊ नगं. मला ती जड न्हाई."